मक्याचा जांभळा रंग : औषध नव्हे, पण कसदार अन्न

मका पिवळा नाहीतर पांढराच असतो, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. हातगाडीवर निखाऱ्यावर भाजले जाणारे कणीस पिवळे, कोंबड्यांच्या खाद्यातला भरडा पिवळा आणि किराणा दुकानातले मक्याचे पोहेही पिवळेच. पण ज्या देशांत मका जन्मला आणि वाढला, तेथे तो लाल असतो, निळा असतो, जांभळा असतो आणि जवळजवळ काळाही असतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात गर्द जांभळ्या मक्याचे सरबत घरोघरी होते. मेक्सिकोत निळ्या मक्याच्या पिठाची भाकरी थापतात.

अलीकडे या जांभळ्या रंगाचा बराच बोलबाला झाला आहे. मधुमेह आटोक्यात येतो, हृदय मजबूत होते, कॅन्सर जवळ येत नाही, अशी वाक्ये जाहिरातींत आणि मोबाईलवरच्या संदेशांत वाचायला मिळतात. पाठोपाठ जांभळ्या भुकटीच्या डब्या आणि गोळ्याही बाजारात येतात. ज्या घरात महिन्याचा पगार मोजूनमापून खर्च करावा लागतो, त्या घराने अशा वेळी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या रंगात खरोखर काय आहे? आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज आहे का?

हा रंग कशाचा?

फुले, फळे आणि धान्ये यांचे लाल, जांभळे व निळे रंग बहुतेक वेळा एकाच कुळातल्या द्रव्यांमुळे आलेले असतात. या द्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. ग्रीक भाषेत ‘अँथॉस’ म्हणजे फूल आणि ‘क्यानॉस’ म्हणजे निळा. लुडविग मार्क्वार्ट या जर्मन औषधशास्त्रज्ञाने १८३५ साली हे नाव दिले. पुढे रिचर्ड विलश्टेटर यांनी वनस्पतींच्या रंगद्रव्यांचा कसून अभ्यास केला आणि त्याबद्दल त्यांना १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

झाड हे रंग आपल्यासाठी तयार करत नाही. कडक ऊन, थंडी आणि कीड यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी, तसेच कीटकांना व पाखरांना बोलावण्यासाठी ते रंग बनवते. जांभळ्या मक्यात या कुळातले सायनिडिन-३-ग्लुकोसाइड हे द्रव्य प्रमुख असते.

पिवळ्या मक्याचा रंग मात्र निराळ्या घराण्यातला. तो कॅरोटिनॉइड गटातला, म्हणजे गाजराच्या केशरी रंगाचा भाऊबंद. त्यात ल्युटिन आणि झियाझँथिन ही द्रव्ये असतात व हीच द्रव्ये आपल्या डोळ्याच्या पडद्यातही आढळतात. म्हणून जांभळ्याचे कौतुक करताना पिवळ्याला कमी लेखण्याचे कारण नाही. शिवाय प्रत्येक लाल मक्यात अँथोसायनिन असतेच असेही नाही. विटकरी लाल सालीच्या काही जातींत फ्लोबाफेन नावाचे वेगळेच रंगद्रव्य असते.

रंग दाण्याच्या कोणत्या भागात आहे, हेही महत्त्वाचे. पेरूच्या जांभळ्या मक्यात तो दाण्याच्या सालीत आणि दाणे काढून उरणाऱ्या दांड्यात भरपूर असतो. निळ्या मक्यात तो सालीखालच्या पातळ पापुद्र्यात असतो. निळा दाणा फोडला तर आतला पिठूळ भाग पांढराच निघतो. याचा अर्थ सरळ आहे. दाण्याची साल काढून टाकली, पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकला, की रंगही गेला आणि त्याबरोबर पोटाला उपयोगी पडणारा चोथाही गेला.

पेरूचे सरबत, होपींची निळी पोळी

मक्याचे मूळ घर मेक्सिको. तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी लोकांनी तेओसिंते नावाच्या रानटी गवतापासून मका घडवला. बोटभर लांबीच्या, मोजक्या कडक दाण्यांच्या त्या गवताचे भरघोस कणीस कोणा एका पंडिताने केलेले नाही. दर हंगामात चांगले कणीस बियाण्यासाठी बाजूला ठेवणाऱ्या असंख्य शेतकरी स्त्री-पुरुषांचे ते काम आहे. तेथून मका दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे पसरला आणि प्रत्येक मुलखातल्या लोकांनी आपापल्या आवडीचे रंग जपले.

पेरूतील जांभळ्या सरबताला चिचा मोरादा म्हणतात. जांभळ्या मक्याचे दाणे आणि दांडे दोन्ही पाण्यात उकळतात. त्यात अननसाची साल, दालचिनी व लवंग घालतात. पाणी गाळून थंड झाले की लिंबू पिळतात आणि साखर घालतात. दांडा टाकून न देता उकळणे हा गृहिणींचा शहाणपणा आहे, कारण रंगाचा मोठा साठा दांड्यातच असतो. मात्र साखर सढळ हाताने घातली, तर त्या सरबताला औषध म्हणता येणार नाही.

उत्तर अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात होपी नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांच्या स्त्रिया निळ्या मक्याच्या पिठाची पिकी नावाची पोळी करतात. पातळ पीठ तापलेल्या दगडी तव्यावर हाताने फासायचे आणि क्षणात उलगडून काढायचे. आपल्याकडच्या मांड्यासारखी, कागदाइतकी पातळ पोळी निघते. पिठात झाडपाल्याची राख कालवतात. राखेमुळे निळा रंग खुलतो आणि अन्नात खनिजेही मिसळतात.

मेक्सिकोत स्पॅनिश राज्यकर्ते आल्यावर गव्हाचा पाव हे साहेबाचे अन्न ठरले आणि मका हे मूळ रहिवाशांचे. त्यातही रंगीत मका हा खेड्यातल्या गरिबांचा समजला जाई. आज तोच निळा मका मोठमोठ्या हॉटेलांत चढ्या भावाने विकला जातो. आपल्याला यात नवल वाटायला नको. नाचणी, बाजरी आणि ज्वारी ही कष्टकऱ्यांची धान्ये हलकी म्हणून कितीतरी वर्षे हिणवली गेली. रेशनवर आलेली लालसर मिलो ज्वारी जुन्या माणसांना आठवत असेल. धान्याला रंग आला की ते गरिबाचे, असा समज आपल्याकडेही होताच. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि नाचणीची बिस्किटे चकचकीत पुड्यांत आली. ज्यांनी हे बी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांचे श्रेय मात्र त्या पुड्यावर छापलेले नसते.

ठिपक्यांच्या दाण्यातून नोबेल

रंगीत मक्याच्या एकाच कणसावर पिवळे, पांढरे, जांभळे आणि ठिपक्यांचे दाणे शेजारी शेजारी दिसतात. याचे कारण असे की प्रत्येक दाणा हे स्वतंत्र बी असते. कणसाच्या टोकाला लोंबणाऱ्या रेशमी केसांपैकी एकेक केस एकेका दाण्याचा. त्या केसावर कोणत्या झाडाचा पराग येऊन पडला, यावर आतल्या पापुद्र्याचा रंग ठरतो.

या ठिपक्यांचे कोडे बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी सोडवले. त्यांचा जन्म १९०२ चा. न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात त्या स्वतः मका पेरत आणि एकेक दाणा न्याहाळत. आनुवंशिकतेचे काही घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, असे त्यांच्या लक्षात आले. असा घटक रंगाच्या जनुकात घुसला की रंग बंद होतो. दाणा वाढत असताना तो तेथून निघाला की तेवढ्या जागेत रंग परततो आणि ठिपका उमटतो. हे त्यांनी १९५१ साली मांडले, तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांनी त्याकडे दुर्लक्ष केले. बाईंनी काम सोडले नाही. पुढे जीवाणूंपासून माणसापर्यंत अशी उदाहरणे सापडली आणि १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकटीला मिळाले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

प्रकृतीला फायदा किती?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जपानमध्ये २००३ साली उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांना १२ आठवडे चरबीयुक्त खाद्य दिले. त्यातील काहींच्या खाद्यात जांभळ्या मक्याचा रंग मिसळला. नुसते चरबीचे खाद्य खाणारे उंदीर लठ्ठ झाले आणि त्यांच्या रक्तातील साखर वाढली. रंग मिळालेल्या उंदरांत हे दोन्ही परिणाम रोखले गेले.

दुसरा प्रयोग २००८ सालचा, फ्रान्स व इटलीच्या संशोधकांचा. त्यांनी मक्याचे दोन वाण घेतले. बाकी सगळ्या बाबतीत ते जवळजवळ सारखेच, फक्त एकात अँथोसायनिन होते आणि दुसऱ्यात नव्हते. दोन गटांतल्या उंदरांना आठ आठवडे हा मका खाऊ घातला. नंतर हृदयाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तोडून पुन्हा सुरू केला. रंगीत मका खाल्लेल्या उंदरांच्या हृदयाला इजा कमी झाली. हा प्रयोग चांगला म्हणायचा, कारण फरक होता तो फक्त रंगाचा.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांचे काय? अमेरिकेत ९३ हजार ६०० स्त्रियांची १८ वर्षे नोंद ठेवलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला या स्त्रिया २५ ते ४२ वयाच्या होत्या. ज्यांच्या आहारात अँथोसायनिन सर्वांत जास्त होते, त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका सर्वांत कमी अँथोसायनिन खाणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी आढळला. ही गोष्ट आशादायक आहे. मात्र त्यांना हा रंग मुख्यतः स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी या फळांतून मिळत होता, मक्यातून नव्हे. शिवाय भरपूर फळे खाऊ शकणाऱ्या बाईचे उत्पन्न, व्यायाम, विश्रांती या गोष्टीही बऱ्या असू शकतात. संशोधकांनी असा बराच हिशेब धरला होता, तरी अशा नोंदींवरून रंगामुळेच झटका टळला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

खाल्लेला रंग शरीरात किती जातो, याचाही शोध घेतला गेला. २०१३ सालच्याच एका प्रयोगात आठ पुरुषांना मक्यातल्याच त्या प्रमुख रंगद्रव्याचे ५०० मिलिग्रॅम दिले. त्यातील कार्बनवर शास्त्रीय पद्धतीने खूण केलेली होती, म्हणजे तो शरीरात कोठे जातो हे कळावे. लघवी आणि श्वास तपासल्यावर सुमारे १२ टक्के भाग शरीरात शोषला गेल्याचे दिसले. तोही बहुतांशी मूळ रूपात राहिला नाही, त्याचे तुकडे होऊन अनेक नवी द्रव्ये बनली. फायदा होत असेल तर तो या तुकड्यांमुळे होत असावा, असा अंदाज आहे.

जाहिरातीत एक शब्द हमखास असतो : ‘अँटिऑक्सिडंट’. परीक्षानळीत अमक्या पदार्थाची शक्ती इतकी, तमक्याची तितकी, असे आकडे दिलेले असतात. अमेरिकेच्या शेती खात्याने अशा आकड्यांची एक मोठी यादी प्रसिद्ध केली होती. पण नळीतल्या आकड्यावरून माणसाच्या शरीरातला फायदा ठरत नाही आणि व्यापारी त्या यादीचा गैरवापर करतात, म्हणून त्या खात्याने २०१२ साली यादी मागे घेतली. या एका गोष्टीवरून बोध घ्यावा.

थोडक्यात सांगायचे तर, जांभळा रंग आहारात असणे चांगले, असे म्हणायला आधार आहे. जांभळ्या मक्याने मधुमेह किंवा हृदयरोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. ज्यांना साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी सुरू आहे, त्यांनी अशा भुकटीच्या भरवशावर गोळी बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणखी एक गोष्ट. मका जांभळा असला तरी तो पिष्टमय धान्यच आहे. मधुमेही माणसाने तो भाकरीच्या जागी खावा, भाकरीच्या जोडीला नव्हे.

नुसत्या रंगाने भागत नाही

मका कितीही रंगीत असो, त्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे दोन घटक कमी पडतात. शिवाय त्यातले नायसिन हे जीवनसत्त्व असे बांधलेले असते की ते पोटाला मिळत नाही. मेक्सिकोचे लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवून रात्रभर भिजवतात, धुतात आणि मग वाटतात. चुन्यामुळे थोडा रंग जातो, पण नायसिन मोकळे होते. जोडीला घेवड्याची उसळ आणि भोपळा असतो. अशा ताटात मक्याच्या या उणिवा बऱ्याच भरून निघतात.

मका जगभर गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात कापड गिरण्यांचे कामगार आणि कुळे मक्याच्या पिठावरच जगत. त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, डोके भ्रमते आणि माणूस दगावतो. लोक त्याला साथीचा रोग समजत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून त्याचा शोध घेतला, स्वतःच्या अंगावर प्रयोग करून तो संसर्गजन्य नाही हे दाखवले आणि दोष निकृष्ट आहाराचा आहे असे ठणकावून सांगितले. पुढे १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी नायसिनचा शोध लावला आणि गोल्डबर्गर यांचे म्हणणे खरे ठरले.

हा रोग आपल्या दख्खनच्या पठारावरही होता. ज्वारीशिवाय दुसरे फारसे न मिळणाऱ्या गरीब मजुरांत तो आढळे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्यावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. ज्वारी वाईट नव्हती आणि मकाही वाईट नव्हता. ताटात दुसरे काही नव्हते, हा खरा रोग होता. म्हणून भाकरी कोणत्याही रंगाची असो, तिच्या सोबत डाळ, उसळ किंवा पिठले, पालेभाजी आणि जमेल तेव्हा अंडे वा मासळी हवीच.

आपल्या बाजारातला जांभळा रंग

जांभळा मका आपल्या मंडईत सहसा मिळत नाही. ईशान्य भारतात, विशेषतः मिझोराममध्ये, रंगीत मक्याचे स्थानिक वाण आहेत. महाराष्ट्रात पिकतो तो मुख्यत्वे पिवळा. पण त्याच कुळातला रंग आपल्या ओळखीच्या आणि स्वस्त जिनसांत भरलेला आहे : जांभूळ, करवंद, तुती, काळी द्राक्षे, डाळिंब, कोकम, जांभळा कोबी, लाल कांदा आणि वांग्याची साल. हंगामात पाटीवाल्या बाईकडून घेतलेली ओंजळभर जांभळे किंवा घरचे कोकमाचे सार हे महागड्या डबीपेक्षा कमी प्रतीचे मुळीच नाही. बीट आणि लाल माठ यांचा रंग मात्र बेटालेन नावाच्या वेगळ्या द्रव्याचा असतो. तेही खाण्यास उत्तमच.

मुलांना सुटीच्या दिवशी एक गंमत करून दाखवा. जांभळ्या कोबीची चार पाने चिरून गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा. जांभळे पाणी तीन पेल्यांत ओता. एकात लिंबू पिळा, पाणी गुलाबी-लाल होईल. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, ते निळे-हिरवे होईल. तिसरा पेला तसाच ठेवा. आंबटपणात लाल आणि क्षारात निळा, हा अँथोसायनिनचा स्वभाव आहे. जांभळाचा डाग साबण लावताच निळसर का होतो, पेरूच्या सरबतात लिंबू पिळल्यावर रंग का खुलतो आणि होपी स्त्रिया पिठात राख का घालतात, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर मुलांना एकदम मिळेल.

घरासाठी चार गोष्टी

१. रंग सालीत असतो. वांग्याची, द्राक्षाची साल काढू नये. पीठ फार चाळू नये.

२. रंगीत मका मिळालाच तर उकडलेले पाणी ओतून देऊ नये, त्यात रंग उतरलेला असतो. भाजीत सोडा घालू नये आणि ती गरजेपेक्षा जास्त वेळ शिजवू नये.

३. शेतात रंगीत मका लावायचा असेल तर पिवळ्या मक्यापासून दूर लावावा. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो आणि पुढच्या पिढीत बी मिसळते.

४. ‘अमुक रोग मुळापासून बरा’ असे लिहिलेली डबी दिसली तर ती घेण्याआधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवावी. त्या पैशात महिनाभराची डाळ येते का, याचा हिशेबही मांडावा.

रंगीत मका ही कष्टकरी माणसांनी हजारो वर्षे जपलेली ठेव आहे. तो मिळाला तर आवडीने खावा, न मिळाला तर आपल्या करवंदा-जांभळांत आणि कोकमात तोच रंग आहे. डब्यातल्या भाकरीबरोबर रोज एक डाळ आणि एक रंगीत भाजी किंवा फळ, एवढे जरी जमले तरी पुष्कळ झाले.